दुमजली केकचा भार

दुमजली केकमध्ये वरच्या मजल्याचे वजन खालच्या स्पंजवर ठेवायचे नसते. घरगुती केक कलणे, खचणे, मधोमध बसणे हे बहुतेक प्रकार ही एक गोष्ट नजरेआड झाल्याने घडतात. स्पंज म्हणजे हवेच्या असंख्य बारीक पोकळ्या आणि त्यांच्याभोवती भाजून घट्ट झालेल्या पिठाच्या पातळ भिंती. स्वतःचे वजन, वरचा क्रीमचा थर आणि त्यावर आणखी एखाद-दुसरा स्पंज एवढे तो सहज पेलतो. त्याच्यावर किलोभराचा बोजा तासन्‌तास ठेवला तर मात्र तो हळूहळू दबत जातो, आणि सगळीकडे सारखा दबत नाही. एका अंगाला दोन मिलिमीटर जास्त दबला की वरचा मजला त्या अंगाला झुकतो. झुकला की भार तिकडेच वाढतो. भार वाढला की ती बाजू आणखी दबते. संध्याकाळी सरळ दिसणारा केक रात्री समारंभाच्या टेबलावर तिरका होतो तो असा.

इमारतीत स्लॅबचा भार कॉलममधून पायात उतरतो, मधल्या विटांच्या भिंतींवर येत नाही. मजल्यांच्या केकमध्ये हेच साधायचे असते. वरच्या मजल्याखालचा बोर्ड हा स्लॅब, खालच्या मजल्यात उभ्या खोवलेल्या दांड्या हे कॉलम आणि सर्वांत खालचा जाड बोर्ड हा पाया. भार बोर्डावरून दांड्यांत आणि दांड्यांतून थेट खालच्या बोर्डात उतरतो. मधला स्पंज कितीही मऊ असला तरी त्याला फक्त स्वतःचे वजन सांभाळावे लागते. या दांड्यांना बेकिंगच्या जगात डॉवेल म्हणतात, आणि केकचे सामान विकणाऱ्या दुकानांतही हाच शब्द चालतो.

मजल्यांच्या केकची कल्पना मऊ स्पंजमधून आलेली नाही, हे इथे ध्यानात घ्यायला हवे. ती इंग्लंडच्या राजघराण्यातील लग्नांतून आली आणि तो केक सुक्या मेव्याचा, गच्च, आठवडेच्या आठवडे मुरवलेला असे. १८४० मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या लग्नाचा केक सुमारे ३०० पौंडांचा, म्हणजे १३६ किलोंच्या आसपास होता; पण तो एकच प्रचंड चकती होता, वर साखरेच्या मूर्ती. १८५८ मध्ये तिच्या थोरल्या मुलीच्या लग्नात केक उंच झाला, पण उंचीचा वरचा भाग केकचा नव्हता, साखरकामाचा होता. सगळे मजले खरोखर खाण्याजोगे असलेला केक १८८२ मध्ये तिचा मुलगा राजपुत्र लिओपोल्ड याच्या लग्नात आला असे मानले जाते. अंड्याचा पांढरा भाग आणि पिठीसाखर यांचे रॉयल आयसिंग वाळून दगडासारखे कडक होते. त्या कवचामुळे आणि आतल्या गच्च केकमुळे एकावर एक मजला उभा राहू शकला. पुढे मजल्यांमध्ये खांब आले. १९४७ मध्ये राजकन्या एलिझाबेथच्या लग्नातला चार मजली केक नऊ फूट उंच आणि सुमारे ५०० पौंडांचा होता. गोव्यातल्या आणि वसईकडच्या ख्रिस्ती लग्नांमध्ये मजल्यांचा केक रुळला तोही याच परंपरेतला.

आज घरोघरी होणाऱ्या केकने त्या केकचा आकार घेतला, पण पदार्थ सोडून दिला. कडक कवचाच्या जागी फेटलेले क्रीम आले, मेव्याच्या गच्च केकच्या जागी हलका स्पंज आला. जे काम पूर्वी पदार्थ स्वतः करत होता ते आता सांगाड्याने करायला हवे. दुमजली केकची ऑर्डर घेताना पहिला विचार सजावटीचा होतो, सांगाड्याचा शेवटी. क्रम उलटा हवा.

महाराष्ट्रात केक किलोवर विकला जातो, त्यामुळे हिशेब सोपा आहे. तीन किलोंचा दुमजली केक म्हटला की खाली साधारण आठ इंच व्यासाचा दोन किलोंचा मजला आणि वर सहा इंचांचा एक किलोचा. वरच्या मजल्याखाली पाच डॉवेल असतील तर प्रत्येकावर जेमतेम २०० ग्रॅम भार येतो. बांबूची साधी बार्बेक्यूची काडीही उभी असताना याच्या कितीतरी पट भार पेलते. तेव्हा डॉवेल मोडेल का, हा प्रश्नच नाही. डॉवेल मोडत नाहीत. ते कलतात, बोर्डात घुसतात किंवा आखूड पडतात. दुमजली केक कोसळतो तो या तीन कारणांनी, आणि तिन्ही घरच्या घरी टाळता येतात.

त्याआधी खुद्द मजला नीट उभा असायला हवा. एका मजल्यात स्पंजचे तीन किंवा चार थर असतात आणि त्यांच्यामध्ये क्रीम, जाम, गनाश (चॉकलेट आणि क्रीमचे मिश्रण) किंवा फळे. ओव्हनमधून निघालेल्या स्पंजला वर घुमट येतो. तो दातेरी सुरीने कापून सपाट करावा लागतो. घुमट तसाच ठेवून वर क्रीमने खड्डे भरले, तर वरून सपाट दिसणारा केक आतून डुगडुगता राहतो. सर्वांत वरचा स्पंज उलटा ठेवावा, म्हणजे डब्याच्या तळाची सपाट बाजू वर येते आणि कडा काटकोनात मिळते.

मधले सारण घसरू नये म्हणून पायपिंग बॅगने थराच्या काठावर घट्ट क्रीमचे कडे काढतात. हा बांध. सारण बांधाच्या आत आणि त्याच्या उंचीपेक्षा किंचित खाली राहिले पाहिजे. जाम, क्रश किंवा ताजी फळे वापरताना बांधाला पर्याय नाही. आंब्याच्या दिवसांत हापूसच्या फोडी घालायचा आग्रह असतो, आणि चवीच्या दृष्टीने तो योग्यच आहे. पण फोडींना साखर लागली की पाणी सुटते आणि वरचा थर त्या पाण्यावर सरकतो. फोडी बारीक चिरून, चाळणीत निथळून, वरच्या मजल्यात घालाव्यात. खालच्या मजल्यात फळांपेक्षा गनाश किंवा घट्ट क्रीम बरे.

साखरेच्या पाकाचेही तसेच. इथल्या केकला पाक भरपूर लावायची पद्धत आहे, कारण तो ओलसर लागतो. बिनअंड्याचा स्पंज, म्हणजे कन्डेन्स्ड मिल्कचा किंवा दही-सोड्याचा, मुळातच भुसभुशीत असतो. अंड्यातील प्रथिनांची पकड त्याला नसते. अशा स्पंजवर पाक बाटलीने ओतला तर तळाचा थर लगदा होतो आणि डॉवेल कितीही चांगले असले तरी त्यांना बाजूने धरून ठेवायला काही उरत नाही. पाक ब्रशने लावावा, खालच्या मजल्यात हात आखडता ठेवावा.

थर रचून झाले की त्यांना बसायला वेळ द्यावा लागतो. ही पायरी घाईत सर्वांत आधी गाळली जाते आणि तिचीच शिक्षा सर्वांत उघडी दिसते. ताज्या रचलेल्या केकमध्ये थरांच्या मध्ये हवा अडकलेली असते आणि स्पंजही अजून बसायचा असतो. लगेच बाहेरून क्रीम लावून गुळगुळीत केले, तर पुढच्या काही तासांत केक खाली बसतो, मधले क्रीम बाहेर ढकलले जाते आणि मजल्याच्या कमरेला फुगवटा येतो. फाँडंटच्या, म्हणजे लाटलेल्या साखरेच्या आवरणाच्या, केकमध्ये तो पोटासारखा दिसतो आणि नंतर काही केल्या जात नाही. रचलेला केक प्लास्टिकच्या आवरणात गुंडाळून, वर एखादी हलकी ताटली ठेवून काही तास, जमल्यास रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावा. बसायचा तेवढा बसू द्यावा आणि मग शेवटचे क्रीम लावावे.

मजल्याची उंची चार इंचांच्या आसपास असेल तर एवढे पुरते. हल्ली सहा-सात इंच उंच मजल्यांची आवड वाढली आहे. अशा मजल्यात अर्ध्या उंचीवर एक पातळ बोर्ड आणि त्याच्याखाली स्वतंत्र डॉवेल द्यावे लागतात. बाहेरून तो एकच मजला दिसला तरी आतून ते दोन असतात.

आता बोर्ड. प्रत्येक मजला स्वतःच्या बोर्डावर उभा राहिला पाहिजे. बोर्डाशिवाय डॉवेलला अर्थ नाही. वरचा मजला नुसत्या दांड्यांवर ठेवला तर दांड्या त्याच्यात घुसतात आणि तो हळूहळू खाली येतो. वरच्या मजल्याचा बोर्ड केकच्या व्यासाएवढाच किंवा दोन-तीन मिलिमीटर कमी असावा, म्हणजे तो क्रीमखाली लपतो. सोनेरी कागद चढवलेला पातळ पुठ्ठा अर्ध्या किलोच्या केकला ठीक. एक किलोच्या मजल्यासाठी तो वाकतो. दोन पुठ्ठे चिकटवून, एकाच्या आतल्या नळ्यांची दिशा दुसऱ्याच्या आडवी ठेवली, तर ताकद वाढते. सर्वांत खालचा बोर्ड एमडीएफचा, जाड आणि केकपेक्षा निदान दोन-तीन इंच मोठा घ्यावा. उचलताना तो जराही वाकला तर वरच्या क्रीमला तडे जातात. बोर्डावर क्रीमचा एक ठिपका लावून त्यावर पहिला थर चिकटवावा, नाहीतर अख्खा मजला बोर्डावरून घसरू शकतो.

डॉवेल कशाचे घ्यावेत यावर घरगुती बेकरांमध्ये मते वेगवेगळी आहेत. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरात आणि पुण्या-नाशिकच्या केक-सामानाच्या दुकानांत जाड, पोकळ प्लास्टिक नळ्या मिळतात. घरच्या कामाला त्या सर्वांत चांगल्या: हलक्या, धुता येणाऱ्या, कात्रीने किंवा बारीक करवतीने कापता येणाऱ्या. जाडीमुळे त्यांना केकमध्ये बाजूने पकड मिळते, त्या कलत नाहीत आणि बोर्डाला टेकणारा त्यांचा काठ रुंद असतो. सहा-आठ मिलिमीटर जाडीच्या लाकडी दांड्याही उत्तम. मात्र हार्डवेअरच्या दुकानातून आणलेली दांडी रंग, पॉलिश किंवा वाळवीचे औषध लावलेली नाही याची खात्री हवी. ती कापल्यावर टोके पॉलिश पेपरने घासून, धुऊन, पूर्ण वाळवूनच वापरावी.

पूर्वी बबल टीचे जाड स्ट्रॉ या कामाला सर्रास वापरले जात. १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या प्लास्टिक स्ट्रॉवर बंदी आली आणि त्यांची जागा कागदी स्ट्रॉने घेतली. कागदी स्ट्रॉ डॉवेल म्हणून मुळीच चालत नाही. क्रीम आणि पाकाच्या ओलाव्याने तो काही तासांत नरम पडतो, आणि तोही केक कापायच्या सुमारास. बार्बेक्यूच्या बारीक काड्या नाइलाजाने वापरायच्या तर त्यांचे टोकदार अग्र आधी कापून टाकावे. ते वर राहिले तर वरच्या बोर्डात सुईसारखे शिरते आणि मजला काडीवरून खाली उतरतो. टूथपिक तर केकच्या जवळपासही नको. ती कोणताही भार पेलत नाही, कापताना दिसत नाही आणि एखाद्या लहान मुलाच्या तोंडात जाऊ शकते.

डॉवेल खोवण्याचे काम थंड केकवर करावे. खालचा मजला फ्रिजमधून काढून टेबलावर ठेवला की त्याच्या वर सहा इंचांचा रिकामा डबा किंवा बोर्ड अलगद टेकवून टूथपिकच्या टोकाने त्याच्याभोवती पुसट वर्तुळ काढतात. टूथपिकचे केकशी एवढेच काम. हे वरच्या मजल्याचे क्षेत्र. डॉवेल या वर्तुळाच्या आत, काठापासून साधारण एक इंच अंतरावर येतात. काठाला चिकटून लावले तर दिसतात. सगळे मध्याजवळ घेतले तर वरचा मजला झोपाळ्यासारखा हलतो. सहा इंचांच्या मजल्याखाली चार ते पाच, आठ इंचांखाली पाच ते सहा, दहा इंचांखाली सात-आठ असा ढोबळ अंदाज चालतो.

पहिली नळी वर्तुळात सर्वांत उंच वाटणाऱ्या जागी धरायची आणि सरळ खाली दाबायची. ती क्रीममधून सहज जाते, स्पंजमध्ये किंचित अडते आणि शेवटी बोर्डाला टेकल्याचे बोटाला स्पष्ट कळते. जिथे नळी क्रीमच्या बाहेर येते तिथे नखाने किंवा खाण्याच्या रंगाच्या पेनाने खूण करायची. मग ती वर ओढून, पुसून, खुणेवर काटकोनात कापायची. बाकीच्या नळ्या केकमध्ये घालून मोजायच्या नाहीत. या पहिल्या नळीशेजारी टेबलावर उभ्या करून तेवढ्याच कापायच्या. प्रत्येक नळी तिच्या जागेच्या उंचीप्रमाणे वेगळी कापली तर केकच्या वरच्या पृष्ठभागाचा सगळा उंचसखलपणा वरच्या मजल्यात उतरतो. सगळ्या सारख्या असल्या की वरचा बोर्ड समपातळीत बसतो. मोबाइलमधील लेव्हल दाखवणारी सोय इथे उपयोगी पडते: बोर्ड टेकवून त्यावर फोन ठेवला की कल लगेच दिसतो.

नळी क्रीमच्या पातळीपेक्षा अर्धा-एक मिलिमीटर उंच राहिली तर चालते. ती फट तळाशी काढलेल्या क्रीमच्या किनारीने झाकते. आखूड मात्र चालत नाही. दोन मिलिमीटर आखूड नळी असून नसल्यासारखी, कारण वरचा मजला तिला टेकण्याआधी क्रीमला टेकतो आणि क्रीम दबेपर्यंत सगळा भार केकवरच असतो. बाहेरून हा दोष दिसत नाही.

या उभ्या डॉवेलांनी भार खाली जातो, पण मजला बाजूला सरकायचा राहत नाही. त्यासाठी मधोमध एक लांब लाकडी दांडी लागते, जी वरच्या मजल्यापासून सर्वांत खालच्या बोर्डापर्यंत जाते. तिचे एक टोक पेन्सिलच्या शार्पनरने टोकदार करतात आणि ती हलक्या हातोडीने खालच्या बोर्डात रुतवतात. पुठ्ठ्यातून ती सहज जाते. एमडीएफचा बोर्ड वर असेल तर त्याला आधीच मधोमध भोक पाडून ठेवावे लागते. ही दांडी वजन पेलत नाही. गाडीने ब्रेक मारल्यावर वरचा मजला पुढे जाऊ नये एवढेच तिचे काम. केक जागेवरच रचून तिथेच कापायचा असेल तर दोन मजल्यांपर्यंत तिच्याशिवाय भागते; प्रवास असेल किंवा तिसरा मजला असेल तर ती हवीच.

सांगाडा पक्का असला तरी बाहेरचे आवरण हवेला टिकले पाहिजे. लोणी साधारण ३२ ते ३५ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणजे उन्हाळ्यात पुण्यातल्या दुपारच्या हवेतही बटरक्रीम तग धरत नाही. विदर्भात तर मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. वनस्पतिजन्य चरबीचे व्हिपिंग क्रीम थोडे जास्त टिकते, म्हणून घरगुती केकमध्ये त्याचेच राज्य आहे, पण तेही गरम खोलीत तास-दोन तासांत ढिले पडते. मजल्यांच्या केकला गनाशचे आवरण सर्वांत भरवशाचे. डार्क चॉकलेट दोन भाग आणि क्रीम एक भाग हे नेहमीचे प्रमाण; उन्हाळ्यात चॉकलेट अडीच-तीन भागांपर्यंत न्यावे. पांढऱ्या चॉकलेटला तीन भागांपासून सुरुवात करावी, उन्हाळ्यात चार. गार झालेले गनाश कडक कवचासारखे होते आणि डॉवेलना वरच्या तोंडाशी घट्ट धरते. रॉयल आयसिंगने एकेकाळी केलेले काम काही अंशी परत मिळते ते इथे.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात अडचण वेगळी. फाँडंटचा केक फ्रिजमधून दमट हवेत काढला की त्यावर पाण्याचे थेंब धरतात आणि साखर ते शोषून चिकट होते. अशा वेळी बोटही लावू नये. पंख्याखाली किंवा एसीत तो आपोआप सुकतो. पुसायला गेले की चमकदार डाग कायमचे राहतात.

घरचा फ्रिज हाही सांगाड्याचाच भाग समजावा. दहा इंचांचा बोर्ड आणि दहा इंचांची उंची बहुतेक घरगुती फ्रिजमध्ये मधला कप्पा काढल्याशिवाय मावत नाही. ऑर्डर घेण्याआधी फ्रिज मोजावा. मावत नसेल तर मजले वेगवेगळे गार करून समारंभाच्या जागी रचावेत; किंबहुना दोन मजल्यांहून उंच केक असाच न्यावा. खालच्या मजल्यात डॉवेल आधीच बसवलेले असतात, तिथे फक्त वरचा मजला टेकवायचा, मधली दांडी ठोकायची आणि किनार काढायची.

प्रवासात केक कधीही सीटवर किंवा मांडीवर ठेवू नये. गाडीची सीट मागे उतरती असते आणि मांडी कधी स्थिर नसते. सीटसमोरचा सपाट तळ किंवा डिकी, खाली रबरी जाळीची चटई, भोवती केकपेक्षा उंच खोका आणि एसी आधीपासून सुरू, एवढी तयारी पुरते. स्पीडब्रेकरवर गाडी आदळली की क्षणभर वरच्या मजल्याचा भार कितीतरी पटींनी वाढतो, तेव्हा वेग चालत्या माणसाएवढा ठेवावा. स्कूटरवरून दुमजली केक नेऊ नये. घरपोच देण्यासाठी दुचाकीवाल्याच्या हाती तो सोपवणे म्हणजे दोन दिवसांची मेहनत दैवावर सोडणे.

पाहुणे शंभर आणि खाणारे तीस अशा समारंभात पाच मजल्यांचा केक मागितला जातो. तिथे थर्मोकोलचे मजले वापरावेत. लग्नांच्या मोठ्या केकमध्ये ही रीत सर्रास आहे. खरा मजला एखादाच असला तर तो सर्वांत वर न ठेवता सुरी जिथे चालणार तिथे ठेवावा आणि यजमानांना आधी सांगावे. हलका थर्मोकोल वर आणि खरा केक खाली असला की सगळे प्रश्न सुटतात.

शेवटचे काम केक देताना करायचे असते. मजल्यांचा केक फोटोसाठी वरून खालपर्यंत एकदम कापायचा मोह सगळ्यांना होतो, आणि सुरी बोर्डावर किंवा दांडीवर अडकली की जोर लावला जातो. केकसोबत एक चिठ्ठी द्यावी: आत किती डॉवेल आहेत, मधली दांडी कुठे आहे, वरचा मजला आधी उचलून वेगळा कापायचा आहे. मधली दांडी वर ओढून काढावी, मग मजला बोर्डासकट उचलावा, मग खालचे डॉवेल एकेक करून बाहेर काढावेत आणि त्यानंतरच खालच्या मजल्याला सुरी लावावी. बाहेर काढलेल्या डॉवेलांची संख्या चिठ्ठीतल्या आकड्याशी जुळेपर्यंत खालच्या मजल्याचा एकही तुकडा वाढू नये.